मेजी साल आणि एक जूनची मुलं

जपान मी पाहिलेलं नाही. आता पाहीन असंही वाटत नाही, कारण माझे गुडघे जिन्यालाच नाही म्हणतात. पण भिवंडीत एका वर्षी मी सातवीच्या मुलांना असं काही जपान शिकवलं की त्यातली दोन-चार जण अजूनही भेटली की आधी जपानचं काढतात आणि मग माझी तब्येत विचारतात.

तो १९७५चा जानेवारी होता. मी तेवीस वर्षांची होते. नगरपालिकेच्या मराठी शाळेत लागून दीड वर्ष झालं होतं आणि डोकं तापट होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते येणारच आहे. मी रोज पडघ्याहून एसटीने यायचे. शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना होता. त्याच्या खटखटीवर आवाज चढवून शिकवायची आम्हा सगळ्यांनाच सवय झाली होती. मधेच लाईट गेली की लूम एकदम बंद पडायचे आणि माझा आवाज तेवढा वरच्या पट्टीत राहून जायचा. असाच एकदा ‘माकडांनो, शेपट्या फार वळवळतात तुमच्या!’ हा माझा शेरा त्या शांततेत थेट हेडमास्तरांच्या खोलीत पोचला होता, आणि ते बिचारे चष्मा सावरत बाहेर आले होते.

इतिहासाच्या पुस्तकात जपानला दीड पान दिलं होतं. त्या दीड पानात ‘मेजी पर्व’ हे शब्द चार-पाच वेळा आले होते आणि त्यांचा अर्थ एकदाही दिला नव्हता. मुलांनी पाठ करावं, परीक्षेत ओकावं आणि विसरून जावं, अशी सगळी सोय होती. मला राग आला. राग आला की मी अभ्यासाला बसते, ही माझी जुनी खोड. रविवारी ठाण्याला आत्याकडे गेले, तिथल्या वाचनालयात दोन जाडजूड पुस्तकं घेऊन दिवसभर बसले आणि सोमवारी वर्गात आले ती जपान डोक्यात भरूनच.

‘सातारला छत्रपती आणि पुण्याला पेशवे,’ मी म्हटलं. ‘कारभार कुणाच्या हातात?’

‘पेशव्यांच्या!’ सगळा वर्ग ओरडला.

‘झालं तर मग. जपानातही तसंच होतं. सम्राट क्योतो नावाच्या गावी पडद्याआड बसलेला, आणि कारभार दूर एदो नावाच्या गावात, मोठ्या सेनापतीच्या घराण्याकडे. असं अडीचशे वर्षं चाललं. परदेशी माणसाला देशात यायची बंदी आणि देशातल्याला बाहेर जायची. एका बंदराचं दार तेवढं किलकिलं ठेवलेलं. मग एक दिवस धूर ओकणारी काळी जहाजं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, दार उघडा.’

दार उघडल्यावर भांडणं झाली. सेनापतीच्याने हे निभत नाही, सम्राटालाच पुढे आणा, असं काही सरदारांनी ठरवलं आणि १८६८ साली तसं केलंही. इथे मी थांबले आणि विचारलं, ‘सम्राट किती वर्षांचा असेल तेव्हा?’

कुणी साठ म्हणालं, कुणी चाळीस.

‘पंधरा,’ मी म्हटलं.

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी एकदम मान वर करून बघायला लागली. वेण्यांना ती लूमवरच्या रंगीत चिंध्या बांधून यायची, रिबिनीसारख्या. हुशार होती, पण बोलायची कमी. ‘पंधराव्या वर्षी त्याला सगळं करावं लागलं, बाई?’ तिने विचारलं. मी हसून म्हटलं, ‘करायला मोठी माणसं होती गं. पण नाव त्याचं.’ ती वहीत बघायला लागली. मी पुढे गेले. शिकवण्याच्या भरात मी कितीतरी वेळा अशी पुढे गेलेली आहे.

त्याच्या राज्याला नाव द्यायचं होतं. चांगल्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या आणि सम्राटाने देवापुढे त्यातली एक उचलली. नाव निघालं मेजी. उजेडाचा कारभार असा काहीसा त्याचा अर्थ. तिथपासून वर्षं नव्याने मोजायची: मेजी एक, मेजी दोन, मेजी तीन, असं करत मेजी पंचेचाळीसपर्यंत. सम्राट गेला की पुढच्याचं नाव, आणि पुन्हा एकपासून सुरुवात. त्याच्या आधी तर सम्राट तोच असतानाही नाव बदलायचे. भूकंप झाला, साथ आली, की हे नाव काही लाभत नाही म्हणायचं आणि नवं नाव घेऊन पुन्हा पहिलं साल.

‘नापास झाल्यावर बदलता येतं का?’ मागून एकाने विचारलं. त्याला मी बाकावर उभं केलं, पण मला हसू आवरत नव्हतं.

मग मी त्यांना सांगितलं की त्या पंचेचाळीस वर्षांत जपान कसं बदललं. लढवय्यांनी डोक्यावरच्या गाठी मारलेल्या शेंड्या कापल्या आणि कमरेच्या तलवारी सोडल्या. एदोचं नाव तोक्यो झालं. आगगाडी आली, पहिल्यांदा डब्यात चढताना काही जणांनी घरच्या सवयीने चपला फलाटावरच काढून ठेवल्या आणि उतरल्यावर शोधत बसले, अशी गोष्ट तिकडे सांगतात. हातमागाच्या जागी हळूहळू यंत्रमाग आले. हे मात्र त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. हातमाग बंद पडायचा आणि त्याच्या जागी भिंतीपलीकडच्यासारखी खटखट सुरू व्हायची, हे प्रत्येकाच्या घरात कुणीतरी पाहिलेलं होतं.

‘आणि फर्मान निघालं,’ मी म्हटलं, ‘की मुलगा असो नाहीतर मुलगी, शाळेत पाठवायचंच.’

‘मग पाठवलं?’

‘सगळ्यांनी नाही. शेतकरी म्हणाले, पोर शाळेत गेलं तर शेतात कोण येणार? काही गावांनी तर रागाने शाळाच जाळल्या. आणि मुली? बारा-तेरा वर्षांच्या कितीतरी मुली रेशमाच्या गिरण्यांत बसल्या.’

‘कांड्या भरायला?’

‘कोष उकलून धागा काढायला. गोष्ट तीच.’

वर्गातल्या निम्म्या मुली घरी आईबरोबर लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या. त्या एकमेकींकडे बघून हसल्या, जपानात आपली मावसबहीण निघाल्यासारख्या. उजेडाच्या कारभारात सगळ्यांच्या वाट्याला सारखा उजेड आला नाही, हे मला त्यांना सांगायचं होतं. ते त्यांनी माझ्याआधीच ओळखलं.

शेवटी मी एक गंमत सांगितली. जुन्या जपानात कुणाचा वेगळा वाढदिवस नसायचा. नवं वर्ष लागलं की सगळा देश एका दिवसात एका वर्षाने मोठा व्हायचा.

‘आमचंपण तसंच हाय, बाई,’ पुढच्या बाकावरचा म्हणाला. ‘आमी सगळे एक जूनचे.’

मी हजेरीपट उघडला, आणि खरंच की! अर्ध्याहून जास्त मुलांची जन्मतारीख एक जून होती. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा खेड्यापाड्यांतून जन्माची नोंद कोण करत होतं? जूनमध्ये बाप पोराला घेऊन शाळेत यायचा. हेडमास्तर पोराला सांगायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. हात कानाला पोचला की सहा वर्षं पूर्ण. मग मागे सहा वर्षं मोजून एक जून लिहायचा. अशी एक जूनची मुलं अख्ख्या महाराष्ट्रात भरलेली आहेत.

तिथेच मला ती कल्पना सुचली. मी म्हटलं, आपण आपली सालं लावू. दोन मुलांनी कारखान्यातून टाकाऊ सूत आणलं. ते आम्ही चौपदरी करून वळलं आणि खिडकीपासून दारापर्यंत भिंतीवर ताणलं. दर वीतभर अंतरावर एक गाठ, म्हणजे एक वर्ष. १९५५ खिडकीशी आणि १९७५ दाराशी. प्रत्येकाने घरी विचारून यायचं: मी जन्मले तेव्हा काय चाललं होतं, आणि त्यानंतरची कुठली सालं घरात आठवतात? त्या-त्या सालाला नाव द्यायचं आणि चिठ्ठी त्याच्या गाठीला बांधायची. आणखी एक चिठ्ठी दाराशी, पुढच्या वर्षासाठी. आपण सम्राट असतो तर येणाऱ्या सालाला काय नाव दिलं असतं ते त्यावर लिहायचं.

आठवड्याभरात भिंत भरली. गावात खांब आले पण तार आली नाही ते साल. म्हैस विहिरीत पडली ते साल. खारबावच्या मामाचं लग्न मोडलं ते साल. ज्या घटनांचं साल पक्कं माहीत होतं त्या मी लावून दिल्या. पासष्टच्या लढाईत खिडक्यांना काळे कागद लावले होते, सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेच्या भूकंपाने भांडी वाजली होती, बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल ज्वारी आली होती. आजूबाजूला मुलांनी आपापल्या म्हशी आणि मामा नेमके बसवले. सत्तरच्या गाठीला मात्र कुणीच चिठ्ठी आणली नाही. त्या वर्षी भिवंडीत जी दंगल झाली ती घराघरांत अजून ताजी होती. मीही विचारलं नाही.

चिंध्यांच्या वेण्यांवालीची जन्माची चिठ्ठी फार सुरेख होती. ‘चीनच्या लढाईत सोनं द्यायचं साल. लोक दारात आले तेव्हा मी दहा दिवसांची. आईचा सव्वा महिना झाला नव्हता म्हणून ती बाहेर आली नाही. तिने आतूनच कुड्या काढून दिल्या.’ मी ती वर्गाला वाचून दाखवली. पण दाराशी तिने बांधलेली दुसरी चिठ्ठी कोरी होती.

मी भडकले. ‘एवढी हुशार म्हणून मिरवतेस आणि एक नाव सुचलं नाही? डोकं काय तेल लावायला दिलंय?’ सगळ्यांसमोर बोलले. ती उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, आणि मग खाली बघून म्हणाली, ‘पुढचं साल माझं न्हाय, बाई. पुढचं साल काल्हेरच्या घरचं हाय. मे संपला का लगीन.’

भिंतीपलीकडचे लूम चालूच होते. मला ‘बस खाली’ एवढंच म्हणता आलं. तो तेलाचा शेरा आजही कानात वाजला की मला माझीच लाज वाटते.

मधल्या सुट्टीत हजेरीपट काढून पाहिला. तिची जन्मतारीख होती एक जून १९६०. म्हणजे येत्या जूनला पंधरा पूर्ण. तेव्हा कायद्याने मुलीच्या लग्नाला पंधरा पुरे होते. पण चिठ्ठी सांगत होती की ती बासष्टच्या नोव्हेंबरातली. म्हणजे आत्ता कुठे बारा संपून तेरावं लागलेलं. मधे दोन वर्षं धाकट्या भावाला सांभाळायला ती घरी राहिली होती, त्यामुळे सातवीत ती कुणाला लहान वाटत नव्हती.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. गावाच्या कडेला, शेतं संपतात आणि कारखाने सुरू होतात तिथे त्यांचं घर होतं. बाप रात्रपाळीचा, नुकताच उठला होता. घराण्याची थोडी भातशेती होती, ती भाऊ बघायचा आणि हा लूमवर ड्युटी करायचा. मला बघून त्याने अंगात सदरा चढवला, खाट झटकली आणि चहा टाकायला सांगितलं. माणूस साधा होता, पण मी कुठे बघत होते? मी सरळ भाषणाला सुरुवात केली. शिक्षण, कायदा, मुलीचं आयुष्य, सगळं काढलं. मी मेजी फर्मान काढत होते असं म्हणा ना.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, ‘बाई, तुमच्याच शाळेच्या कागदावर पंधरा लागतंय ना? कायदा पन पंधराच म्हनतो. मंग आमचं काय चुकलं?’

‘तिची आई काय म्हणते ते विचारा,’ मी म्हटलं. आई दाराआडून म्हणाली, ‘तेरा पन न्हाय झाली अजून.’

‘बाईमानसाचं काय घेऊन बसलात?’ तो हसला. ‘आईला पोर कवा मोठी दिसली हाय? घर चांगलं हाय, पोरगा चांगला हाय. आमी शबुद दिलाय.’

त्याच्या बोलण्यात दुष्टपणा शोधून सापडला नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला. चहा अर्धा टाकून मी निघाले. एसटीत बसल्यावर लक्षात आलं की मुलगी सबंध वेळ मोरीशी उभी होती आणि मी तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

सोमवारी हेडमास्तरांना सांगितलं. ते निवृत्तीला आलेले गृहस्थ होते, मनाने चांगले. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, पान दाखवलं आणि म्हणाले, ‘हे बघा बाई, इथे जे लिहिलंय तेच खरं. भिंतीवरचं सूत कचेरीत चालत नाही. उद्या तिचा बाप जन्मतारखेचा दाखला मागायला आला तर द्यावा लागेल.’ मुलाकडच्यांना शाळेचा कागद हवा होता म्हणे. पंधरा असल्याचा पुरावा म्हणून. आणि वर्गशिक्षिका म्हणून दाखला लिहायचा होता मी.

बाप मार्चच्या पहिल्या आठवड्यात आला. दुपारची शाळा सुटली होती, मुलं घरी गेली होती. अंगावर कारखान्याचाच सदरा होता आणि केसांत कापसाचा भुरका. मी त्याला वर्गातच बाकावर बसवलं आणि टेबलाशी छापील नमुना घेऊन बसले. मुलीचं नाव लिहिलं. बापाचं नाव लिहिलं. जात, इयत्ता, सगळं लिहिलं. जन्मतारखेच्या रकान्यापाशी आले आणि पेन थांबलं. काहीतरी कारण हवं म्हणून मी पेन झटकलं, शाई बघितली, टोक पुसलं. रजिस्टर समोर उघडंच होतं. एक जून लिहायला किती वेळ लागतो?

तो बाकावरून उठला होता. भिंतीवरचं सूत बोटांनी चाचपत होता. ‘हे वीस नंबरचं, जाडं सूत हाय,’ तो म्हणाला. ‘कुनी वळलं?’

‘पोरांनी.’

‘चांगलं वळलंय.’ मग चिठ्ठ्यांकडे बघून त्याने विचारलं, ‘ह्ये काय हाय?’

मी पेन खाली ठेवलं. या वेळी भाषण केलं नाही. वर्गात मुलांना सांगितलं तसं त्याला सांगितलं की जपान नावाच्या देशात सालाला नाव देतात, राजा बदलला की साल पुन्हा एकपासून मोजतात, आणि आपल्या पोरांनी आपापली सालं इथे बांधली आहेत. त्याला मजा वाटली. ‘भूकंपाचं कुठं हाय?’ मी गाठ दाखवली. ‘तवा मी पयल्यांदा लूमवर बसलो व्हतो. वाटलं, माझ्याच लूमचं कायतरी तुटलं.’ तो एकटाच हसला आणि सुताला धरून मागे मागे सरकत गेला, खिडकीकडे.

‘आमच्या पोरीची कुठली?’

मी बासष्टच्या गाठीची चिठ्ठी धरली. ‘वाचा की, बाई. मला लिवलेलं येत न्हाय.’

मी वाचली. सोनं द्यायचं साल. दहा दिवसांची. सव्वा महिना झाला नव्हता. आतूनच कुड्या काढून दिल्या.

सुतावर त्याचं बोट होतं, ते तसंच राहिलं. मग म्हणाला, ‘कुड्या मीच नेल्या व्हत्या दारात. तिनं आतनं माझ्या हातावर ठेवल्या. पोर रडत व्हती.’ आणि तो एकेक गाठ मोजत चालत आला. एक, दोन, तीन. लाल ज्वारी ओलांडली. दाराशी येऊन थांबला तेव्हा तेरा झाल्या होत्या आणि बोटाखाली ती कोरी चिठ्ठी होती.

‘ह्याच्यावर काय लिवलंय?’

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘पुढच्या सालाला आपल्या मनाने नाव द्यायचं होतं. सगळ्यांनी दिलं. तिने कोरी बांधली. म्हणाली, ते साल माझं नाही.’

बराच वेळ तो चिठ्ठी उलटीसुलटी करत राहिला, मागे काही लिहिलेलं आहे का बघावं तशी. मग बाकावर बसला आणि खाली बघून बोलायला लागला. माझ्याशी बोलत होता असं नाही म्हणता येणार.

‘थोरल्याला शाळेत घालायला आनला व्हता. हिला पन खांद्यावर आनली. लावनीचे दिवस, आई शेतात, घरात कुनी न्हाय. म्हनलं, दोघांची नावं घाला, एका जागी बसतील. मास्तर म्हनले, कान धरून दाखव. थोरल्यानं धरला. हिचा हात डोक्यावरच राह्यला. एवढासा हात, बाई. मास्तर दुसरीकडं बगत व्हते. मी हिची मान वाकडी केली आन् हात ओढून कानाला लावला.’ त्याने स्वतःचा हात डोक्यावरून नेऊन दाखवला. ‘हसत व्हती. तिला वाटलं, बाप खेळतोय.’

मी रजिस्टर मिटलं. रडू येत होतं आणि ते त्याला दिसू नये असं वाटत होतं.

‘मीच मोठी केली तिला,’ तो म्हणाला. ‘आन् आता मीच म्हनतो, मोठी झाली.’

थोड्या वेळाने उठला. टेबलापाशी येऊन त्याने तो अर्धा लिहिलेला नमुना पाहिला. ‘राहू द्या, बाई. नका लिवू.’ दारातून जाताना त्याने विचारलं, ‘ही कोरी मी नेऊ का?’ आणि चिठ्ठी सोडून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

पुढचं सोपं नव्हतं. काल्हेरवाल्यांनी बरंच ऐकवलं, भावकीत शब्द मोडणारा म्हणून त्याचं नाव झालं, आणि दोन वर्षं कुणी त्याला लग्नाच्या बैठकीत पुढे बसवलं नाही. हे मला मुलीच्या आईने नंतर बाजारात सांगितलं. तो स्वतः कधी बोलला नाही. दाखला न नेल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी वर्गात आली, कुणाशी न बोलता दाराशी गेली आणि चिठ्ठी पुन्हा बांधली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘आठवी, साल पहिलं.’ मी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली. मुलं आ वासून बघत राहिली, कारण बाई माफी मागतात हे त्यांनी तोवर पाहिलेलं नव्हतं.

जूनमध्ये ती हायस्कुलात गेली. माझी पुढे बदली झाली, लग्न झालं, मी कल्याणला आले. तिची खबर अधूनमधून लागायची. नर्सिंगचा कोर्स केला, तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात लागली, लग्न चोविसाव्या वर्षी, स्वतःच्या पसंतीने.

२०१८ साली एक जूनला सकाळी बेल वाजली. दारात ती, हातात पेढ्यांचा पुडा. केस पांढरे झाले होते, चिंध्यांच्या जागी एक साधी क्लिप. आदल्याच दिवशी सरकारी नोकरीतून निवृत्त झाली होती. कागदावर अठ्ठावन्न पूर्ण. तारीख काही पुढे कुणी बदलली नव्हती, रजिस्टरमधलं खरं ते शेवटपर्यंत खरंच राहिलं.

‘वाढदिवसाच्या शुभेच्छा,’ मी चिडवलं.

‘खोट्या वाढदिवसाच्या, बाई,’ ती हसली. ‘सरकारने माझी अडीच वर्षं खाल्ली. पण मी वसूल केली आहेत. इतकी बाळंतपणं केली, एकाही पोराची वेळ चुकू दिली नाही. पोर हातात आलं की आधी भिंतीवरचं घड्याळ बघायचे आणि मोठ्याने सांगायचे, म्हणजे घरच्यांच्याही लक्षात राहावं.’

चहा झाला. जपानही झालं, तिला ती फलाटावरच्या चपलांची गोष्ट अजून आठवत होती. मग मी तिच्या बापाचं विचारलं. तो चार वर्षांपूर्वी गेला होता. शेवटचे काही महिने अंथरुणावरच होता आणि ती ड्युटी सांभाळून त्याचं सगळं करायची.

‘कुणाला फारसं ओळखत नव्हते,’ ती म्हणाली. ‘एकदा मी पाणी पाजत होते. माझा हात धरला आणि वर नेला. मला कळेना काय करतायत. उशीवरून उठवत नव्हतं, तरी हात वर करून माझाच हात माझ्या डोक्यावरून पलीकडे नेला आणि कानाला लावला. आणि म्हणाले, पोचला गं.’

तिने तो हात मला तिथेच, माझ्या स्वयंपाकघरात, डोक्यावरून नेऊन दाखवला. मी पेढ्याचा पुडा उघडला आणि पहिला तिला भरवला.